अर्ध्या वाटेवरून परतलेल्या लेकीस

प्रिय लेकीस, अनेक आशीर्वाद.

तुझा रात्रीचा निरोप मी पुन्हा पुन्हा वाचला. माथा दोन दिवसांवर आला असताना तुम्ही माघारी फिरलात, त्यामुळे सोबतचे लोक तुझ्यावर नाराज आहेत आणि पुढची सगळी आरक्षणे विस्कटली आहेत, असे तू लिहिलेस. पण मधेच एका ओळीत तू हेही लिहिलेस की मैत्रिणीचे डोके गोळी घेऊनही थांबत नव्हते आणि तंबूबाहेर चार पावले टाकताना तिचा तोल जात होता. मला त्या एका ओळीपुढे बाकीचे काहीच महत्त्वाचे वाटत नाही.

साधारण २५०० मीटरच्या वर उंचीचा त्रास कोणालाही होऊ शकतो, अगदी धडधाकट, सराव केलेल्या माणसालाही. नुसते डोके दुखत असेल, तर आहे त्याच उंचीवर थांबून उतार पडण्याची वाट पाहता येते. परंतु एका पावलाची टाच दुसऱ्या पावलाच्या बोटांना लावत सरळ रेषेत चालता येईनासे झाले, की मेंदूला सूज येऊ लागली आहे असे धरून, विलंब न लावता खाली उतरायचे असते.

हे मी पुस्तकात आधीच वाचले होते, तरीही तुझ्या वयाची असताना एका चढाईत माझी चूक झाली. माझी सोबतीण एकाच बुटाची नाडी सोडायची आणि पुन्हा बांधायची, विचारले की "ठीक आहे" म्हणायची, आणि मी ते खरे मानून तिला आणखी तीन तास वर चालवले. शेवटी तिला उचलून उतरवावे लागले. ती वाचली, पण ते तीन तास मी अजून विसरलेले नाही. तुझी मैत्रीण स्वतःच्या पायांनी खाली आली, ती तू वेळेवर हट्ट धरलास म्हणून.

१९२४ च्या जूनमध्ये ब्रिटिश गिर्यारोहक एडवर्ड नॉर्टन कृत्रिम ऑक्सिजनशिवाय एव्हरेस्टवर ८५७३ मीटरपर्यंत पोहोचला होता; डोळ्यांना दोन-दोन दिसू लागल्यावर तो तिथूनच फिरला. सोबत्यांना हे जरूर सांग.

एक गोष्ट मात्र मला खटकली, आणि ती स्पष्टच लिहिते. परतीचे तिकीट चुकू नये म्हणून तुम्ही विश्रांतीचा दिवस गाळलात. ३००० मीटरच्या वर मुक्कामाची उंची दिवसाला ५०० मीटरहून जास्त वाढवू नये आणि दर तीन-चार दिवसांनी एक दिवस थांबावे, हे तुला ठाऊक होते. आता उरलेल्या आठवड्यात दुसरा लहानसा डोंगर बसवण्याचा विचार कृपा करून सोड. मैत्रीण बरी वाटली तरी एवढ्यात पुन्हा उंचीवर जाणे नको. आधी तिला डॉक्टरांना दाखव. मग परतीच्या प्रवासाची तारीख बदलून घे, आणि ती निश्चित झाल्यावरच मुक्कामाची आरक्षणे हलव, नाहीतर दोनदा भुर्दंड पडेल. पैशांची काळजी माझ्यावर सोड.

आज सकाळी ती सरळ रेषेत चालू शकली का, एवढे लगेच कळव.

तुझी,
आई