पिस्तूल एकच आणता येतं, म्हणून एवढा वेळ लागला

उल्म, जर्मनी, रविवार दुपार

प्रिय बाबा,
सा. न.

हे पत्र आईला मोठ्याने वाचून दाखवा प्लीज. परवा फोनवर मी पिस्तूल शब्द काढला आणि ती एकदम गप्पच झाली, नंतर फक्त "जेवलीस का" एवढंच विचारलं आणि फोन तुमच्याकडे दिला. मला तेव्हाच सगळं सांगायचं होतं पण दादा मागून काहीतरी ओरडत होता, छोटी रडत होती, राहूनच गेलं. म्हणून लिहायलाच बसले.

आधी मुद्द्याचं. पुढच्या वर्षी दिवाळीनंतर मी कायमची परत येतेय आणि येताना माझं स्वतःचं पॉइंट टू-टू (.२२ इंची गोळीचं) पिस्तूल सोबत आणायचंय. आपल्या कस्टमच्या नियमात परदेशातून बंदूक आणायला तशी बंदीच आहे, पण जो माणूस बिऱ्हाड हलवून भारतात राहायला येतो त्याला परवानगी असलेल्या बोअरचं, म्हणजे नळीच्या मापाचं, एकच शस्त्र आणता येतं, तेही त्याच्याकडे परदेशात किमान एक वर्ष असलं पाहिजे आणि वापरात असलं पाहिजे, आपल्याकडचं लायसन्स हातात पाहिजे आणि ड्युटी भरायची ती वेगळीच. पण बाबा, मला सगळ्यात जास्त विचार करायला लावला तो शेवटच्या अटीने. ते पिस्तूल नंतर आयुष्यभर विकता येत नाही, उसनं देता येत नाही, कुणाला देऊनही टाकता येत नाही. म्हणजे माझं पहिलं पिस्तूल हेच बाहेरून आणलेलं शेवटचंही असणार. इथले नेमबाजी क्लबातले लोक पहिलं पिस्तूल घेतात, दोन वर्षं शिकतात आणि मग विकून चांगलं घेतात, मला तो रस्ताच नाही. म्हणून सहा महिने लावले.

दादाचं म्हणणं, घ्यायचंच तर नऊ एमएम घे, पॉइंट टू-टू म्हणजे खेळणं. दादा, नऊ एमएम आपल्याकडे प्रतिबंधित बोअर आहे, तो विषयच संपला. आणि मला हे संरक्षणासाठी नकोय, मला मॅच मारायच्यात. २५ मीटर पिस्तूल, म्हणजे राही सरनोबतने २०१८च्या एशियाडमध्ये गोल्ड घेतलं ती इव्हेंट, पॉइंट टू-टूनेच मारतात. खेळणं तर ते अजिबात नाही, या गोळीनेही माणूस मरतो आणि चुकून सुटली तर ती किलोमीटरभर पुढे जाते, म्हणून आईची भीती मला खोटी वाटत नाही, तिचं बरोबरच आहे. बाबा, तुम्ही एनसीसीत हीच गोळी मारलीय, तिच्या बुडाला बारीक कड असते बघा. बाकीच्या काडतुसांना मधोमध टोपी असते, हिचा पेटणारा मसाला त्या कडेतच भरलेला असतो, पिन कडेवर आपटते म्हणून रिमफायर. १८८७ पासून ही गोळी जवळपास तशीच आहे. धक्का इतका कमी की शिकणाऱ्याला आपण ट्रिगरवर काय चूक केली ते कळतं, मोठ्या बोअरमध्ये ते आवाजात आणि झटक्यातच हरवून जातं.

इथे पिस्तूल दुकानात जाऊन उचललं असं होत नाही. वर्षभर क्लबात नियमित जायचं, रजिस्टरमध्ये प्रत्येक वेळी नोंद, मग कायद्याची आणि हाताळणीची परीक्षा, मग संघटनेचं पत्र की हिला खरंच गरज आहे, मग सरकारी कार्ड. आणि घरात तिजोरी हवीच, ती कुठल्या ग्रेडची तेसुद्धा कायद्यात लिहिलंय. मला हे सगळं पटलं. शिवाजी पार्कला सावरकर स्मारकात एअर पिस्तूल शिकताना सर पहिला महिनाभर नुसतं धरायलाच शिकवत होते तेच आठवलं.

आता पिस्तुलं. क्लबातल्या चौघांनी आपापलं मला मारायला दिलं, तीस-तीस गोळ्या. पहिलं रुगर मार्क फोर, अमेरिकन, या घराण्याचं पहिलं पिस्तूल १९४९चं. एकदम दणकट, एक बटण दाबलं की खोलून साफ करता येतं, आणि किंमतही झेपणारी. पण मॅचच्या नियमात पुढच्या आणि मागच्या साइटमधलं (नेम धरायच्या खुणांमधलं) अंतर २२० मिलिमीटरच्या वर चालत नाही, मी पट्टी लावून मोजलं तर त्या पिस्तुलाचं जास्त भरलं. नुसतं निशाणेबाजीच्या आनंदासाठी हवं असतं तर मी तेच घेतलं असतं. मग हॅमर्लीचं एक्स-एसे, ते आवडलं, जवळजवळ घेतलंच होतं, पण मॅगझिन, म्हणजे गोळ्या भरायचा डबा, मुठीत असल्यामुळे मूठ जाड आणि माझं बोट ट्रिगरवर नुसत्या टोकाने पोचत होतं. बोटाचं पहिलं पेर सपाट बसलं नाही की गोळी डावीकडे जाते, माझी जातच होती. तिसरं पार्डिनी, इटलीचं. हातात घेतलं तेव्हा कळलं की लोक यावर एवढा पैसा का टाकतात, नळी हाताच्या इतकी जवळ आहे की पिस्तूल उडतच नाही. पण नवीन घ्यायचं, वर ड्युटी, मग गोळ्यांना पैसे कुठून आणू? गोळ्या नाहीत तर पार्डिनी कपाटातच राहणार.

चौथं वॉल्थर जीएसपी. जुनं, आमच्या क्लबातल्या एका आजोबांचं, त्यांना आता हात वर धरवत नाही. हे पिस्तूल याच उल्ममध्ये बनलंय. नळीवर हरणाच्या शिंगाचा बारीक छाप आहे, तो इथल्या सरकारी चाचणी केंद्राचा, त्याच्या बाजूला आय आणि सी अशी दोन अक्षरं. आजोबांनी समजावलं, ए म्हणजे शून्य, बी म्हणजे एक, असं मोजत गेलं की आय म्हणजे आठ आणि सी म्हणजे दोन. म्हणजे चाचणीचं साल १९८२. दादाचंच साल!

याचं मॅगझिन ट्रिगरच्या पुढे असतं, पाच गोळ्यांचं, त्यामुळे मूठ हाताच्या मापाची करता येते आणि वजन पुढे पडतं. मला आधी वाटलं जड जाईल, कारण मॅचच्या रॅपिड भागात हात खाली ४५ अंशावर धरून उभं राहायचं, सात सेकंद लाल दिवा, मग हिरवा लागला की तीन सेकंदात वर उचलून एकच गोळी. पण त्या पुढच्या वजनाने पिस्तूल वर आल्यावर डुलत नाही, जागच्या जागी थांबतं. सावकाश मारायच्या प्रिसिजन भागाच्या टार्गेटवर दहाचं वर्तुळ फक्त पाच सेंटीमीटरचं, त्यात माझ्या पहिल्या पाचातल्या चार बसल्या. मी काही बोललेच नाही, आजोबाच म्हणाले, उद्या परत ये, उद्याही बसल्या तर बोलू. दुसऱ्या दिवशी तीन बसल्या, तरी बोललो.

जुनं म्हणून डोळे मिटून घेतलं नाही हं बाबा. रिमफायरमध्ये एक खास गोष्ट बघायची असते, रिकाम्या चेंबरवर (नळीत गोळी बसते त्या जागेवर) खूप वेळा ट्रिगर दाबला असेल तर पिन चेंबरच्या कडेवर आपटून तिथे खड्डा पाडते आणि मग मारलेल्या गोळीची रिकामी पुंगळी अडकायला लागते. टॉर्च लावून बघितलं, कड स्वच्छ होती. कोरड्या सरावाला आजोबा चेंबरमध्ये प्लास्टिकची गिट्टी घालतात, तीच, आपला सुतार भिंतीत स्क्रूसाठी ठोकतो ती, पिन तिच्यावर आपटते. धक्का झेलणारा मागचा बफर आणि रिकॉइल स्प्रिंग बदलून घेतली, आणखी दोन जोड घेऊन ठेवतेय. मॅचला ट्रिगर किमान एक किलोच्या जोराने दाबला जाणारा लागतो, तो तपासायला एक किलोचं वजन ट्रिगरला अडकवून पिस्तूल सरळ वर उचलायचं, वजन उचललं गेलं पाहिजे. पहिल्यांदा टक् करून सुटलं! आजोबांनी चष्मा कपाळावर ढकलून स्क्रू पाव फेरा फिरवला, परत उचललं, मग राहिलं. अक्रोडाची मूठ माझ्या तळव्याला मोठी होती, तीन रविवार कानस आणि पॉलिश पेपर घेऊन घासली, जिथे कमी पडली तिथे लाकडाची पुट्टी भरली. आता अंगठा आपोआप जागेवर जातो.

गोळ्यांचं मात्र टेन्शन आहे. येताना ५० च्या वर आणता येत नाहीत, म्हणजे बरोब्बर एक डबी, आणि मॅचच ६० ची असते. तिकडे इम्पोर्टेड गोळ्या महाग आणि मोजूनमापून, त्यामुळे एकाच ब्रँडवर रुसून बसणारं पिस्तूल मला नकोच होतं. यात तीन वेगवेगळ्या डब्या मारून बघितल्या, सगळ्या स्टँडर्ड व्हेलॉसिटीच्या, म्हणजे साध्या वेगाच्या, एकदाही अडकलं नाही.

दिवाळीला येईन तेव्हा कमिशनर ऑफिसला लायसन्सचा अर्ज करायचाय. पोलीस घरी चौकशीला येतील तेव्हा आईने घाबरायचं नाही, चहा विचारायचा आणि विचारतील त्याची खरी उत्तरं द्यायची. माझी शाळेपासूनची स्पर्धांची सर्टिफिकेटं माळ्यावरच्या निळ्या बॅगेत आहेत, ती काढून ठेवा, वाळवी लागली असेल तर लगेच सांगा. तुम्ही वरळीच्या रेंजवर जाऊन मेंबरशिपला काय लागतं तेही विचारून या, सी-फेसला फिरायला जाताच.

आणि तिजोरी. छोटी घरात फिरते म्हणून यात मी काहीही ॲडजस्ट करणार नाही, पिस्तूल आणि गोळ्या वेगळ्या कप्प्यात आणि चावी फक्त माझ्याकडे, तुमच्याकडेही नाही. आतल्या खोलीतल्या कपाटामागची भिंत पोकळ आहे का आरसीसी ते मिस्त्रीला बोलावून ठोकून बघा, बोल्ट आत धरले पाहिजेत. ती भिंत पावसाळ्यात ओल धरते ना? मग दुसरी बघा, नळीला गंज लागला तर मला दुसरं आणता येणार नाही. कोनाड्याची लांबी, रुंदी, खोली तिन्ही मापं मिलिमीटरमध्ये पाठवा.

आईला सांगा, जेवले. आमटी-भात, आणि तू दिलेला लोणच्याचा शेवटचा खार.

तुमची,
बेबी