मुठीत धरलेलं माउथपीस

प्रिय आजोबा,

तुम्हाला मराठी वाचता येत नाही. माझा मुलगा हे पत्र तुम्हाला इंग्रजीत वाचून दाखवेलच, पण मनातलं माझ्या भाषेतच नीट उतरतं. शिवाय इथल्या न्यू जर्सीतल्या आपल्या मराठी मंडळींनीही ते वाचावं असं मला फार वाटतं.

शाळेच्या बँडमधल्या सरांनी पाच मिनिटांत निकाल लावून टाकला होता. याला फुंकणं जमणार नाही, दुसरं काहीतरी बघा. पोरगं समोर उभं होतं हो! त्याचा राग अजून माझ्या मनातून गेलेला नाही. त्यानंतर वर्षभर त्यानं ट्रम्पेटचं नाव काढलं नाही.

मग जानेवारीतल्या त्या शनिवारी तुम्ही लीजन पोस्टच्या, म्हणजे अमेरिकन लीजन या माजी सैनिकांच्या संघटनेच्या गावातल्या शाखेच्या, भिंतीवरचा बिगूल खाली काढलात. हॉल गारठलेला. माउथपीस लगेच त्याच्या हातात न देता तुम्ही ते मुठीत धरून बसलात. गप्पा मारत राहिलात, आणि चांगली ऊब आल्यावर पुढे केलंत. "थंड पितळ ओठांना लागलं की मूल बिचकतं," एवढंच म्हणालात. पुढे दर शनिवारी तेच. मी त्याची आई, पण हे मला सुचलं नसतं.

मूठ उबदार होईतो तुम्ही जे सांगायचात, त्यातूनच मला तुमच्या बिगूल-ड्रमच्या पथकांचा इतिहास कळला. पहिल्या महायुद्धानंतर घरी आलेल्या सैनिकांनी लष्कराकडचे जास्तीचे बिगूल आणि ड्रम घेऊन गावोगावच्या पोस्टमध्ये पथकं उभी केली. १९२१ साली कॅन्सस सिटीच्या अधिवेशनात अमेरिकन लीजनची या पथकांसाठीची राष्ट्रीय स्पर्धा झाली. दुसऱ्या महायुद्धानंतर, १९४६ मध्ये, आपल्याच न्यू जर्सीतल्या हॉथॉर्न गावात कॅबालेरोज हे पथक निघालं. पुढे नियम आपल्या हातात हवेत म्हणून मोठ्यांच्या पथकांनी स्वतःची संघटना काढली आणि १९६५ पासून तिची अजिंक्यपद स्पर्धा सुरू झाली. परीक्षक बुटांची चकाकीसुद्धा तपासायचे. एक चूक झाली की गुणाचा दहावा भाग गेला!

तुम्ही व्हिएतनामहून परतल्यावर अशाच एका पथकात शिरलात. तिथे कुणी काही विचारलं नाही, फक्त पाऊल कुठे टाकायचं ते सांगितलं, आणि तेवढंच तेव्हा हवं होतं, असं तुम्ही एकदा म्हणालात. ते ऐकल्यापासून मला वाटतं, माणसाला जवळ करायची ती रीत तुम्ही तिथूनच उचललीत. जिथे एकेक चूक मोजली जायची तिथे तुम्ही घडलात, आणि माझ्या मुलाची एकही चूक मोजली नाहीत. पैसे तर घेतलेच नाहीत, उलट चकल्यांचा डबा रिकामा परत करताना तुम्हाला संकोच व्हायचा.

मेमोरियल डेला, शहीद सैनिकांच्या स्मरणदिनी, त्यानं टॅप्स वाजवलं, सैनिकांना निरोप देताना वाजवतात ती बिगुलाची धून. झडपा नसलेल्या बिगुलावर, नुसत्या ओठांच्या आणि श्वासाच्या जोरावर, चोवीस स्वर. मधे एक स्वर फाटला. तो थांबला नाही. कबरींपाशी उभे असलेले म्हातारे सैनिक सलामीचा हात खाली न घेता शेवटपर्यंत ऐकत होते, आणि मला समोरचं काही दिसेना.

त्या दिवशी ऊन रणरणत होतं. पितळ आधीच तापलेलं. तरीही वाजवायच्या आधी तुम्ही ते माउथपीस मुठीत धरून उभे होतात.

तुमची ऋणी,
त्याची आई