निन्टेंडोचा मेंटेनन्सवाला

महोदय,

व्हिडिओ गेमवरच्या लेखात निन्टेंडो या जपानी कंपनीचं नाव आलं की मारिओ हे गेममधलं पात्र आणि त्याचे जनक मियामोतो, एवढ्यावरच गाडी थांबते. मी जन्मभर कारखान्यात मेंटेनन्सला होतो, त्यामुळे मला गुनपेई योकोई जवळचे वाटतात. १८८९ पासून क्योतोत हानाफुदा हे जपानी खेळायचे पत्ते बनवणाऱ्या या कंपनीत ते १९६५ साली लागले, तेही यंत्रं सांभाळायला. रिकाम्या वेळात त्यांनी कैचीसारखा उघडत लांब होणारा एक चिमटा बनवला. तो मालक हिरोशी यामाउचींच्या नजरेस पडला. (आमच्याकडे मेमोच हातात पडला असता!) यामाउचींनी त्याचं खेळणं करायला सांगितलं. १९६६ च्या त्या ‘अल्ट्रा हँड’चे दहा लाखांहून जास्त नग खपले.

गेम खेळताना दिशा द्यायची, अंगठ्याखालची अधिकच्या चिन्हासारखी कळ त्यांचीच, १९८२ ची. १९८९ च्या ‘गेम बॉय’ या हातात धरून खेळायच्या यंत्राला पडदा मुद्दाम साधा, बिनरंगी, प्रतिस्पर्ध्यांचे रंगीत पडदे सेल खात, हा चार सेलवर तासन्‌तास चाले.

रविवार पुरवणीत योकोईंवर अर्धं पान तरी द्यावं. त्यात १९९५ चा फसलेला ‘व्हर्च्युअल बॉय’ हा गेमचा संच वगळू नये, तोही त्यांचाच.

— एक निवृत्त फिटर, भोसरी