अँटिव्हायरस काढू नका, कॅशेचं फोल्डर वगळा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

तुळशीचं लग्न झालं की कोल्हापुरात आमच्या धंद्याला श्वास घ्यायला सवड नसते. त्याआधी हे पत्र छापलंत तर चार एडिटरांपर्यंत पोचेल, म्हणून घाईने लिहिते आहे. मी राजारामपुरीत एकोणीस वर्षं लग्नाच्या व्हिडिओंचं एडिटिंग करते. डीव्ही कॅसेट तासन्‌तास चालवून मशीनमध्ये उतरवून घेत होतो, तेव्हापासून.

गेल्या वर्षी कर्ज काढून नवीन मशीन घेतलं. ३२ जीबी रॅम, चांगलं ग्राफिक्स कार्ड, एसएसडी. तरी टाइमलाइन, म्हणजे पडद्यावर जिथे तुकडे जोडतो ती पट्टी, अडकायची. मी आधी ग्राफिक्स कार्डाला दोष दिला, मग रॅम वाढवली, पैसे गेले, फरक शून्य. शेवटी मशीन बघायला आलेला मुलगा म्हणाला, “अँटिव्हायरस काढून टाका की ताई, मग बघा कसं पळतंय.” काढलं, आणि खरंच पळालं. हा सल्ला आमच्या धंद्यात पसरतो तो यामुळेच. निम्मा खरा आहे तो.

अँटिव्हायरस प्रत्येक फाइल उघडताना आणि लिहिताना तपासतो. १०० मेगाबिटने शूट केलेलं तासाभराचं ४के फुटेज म्हणजे ४५ जीबी होतं, पण फाइली मोजक्या. खरा भार बारीक फाइलींचा. एडिटिंगचं सॉफ्टवेअर आवाजाच्या लहरी, प्रिव्ह्यू, तात्पुरती रेंडर (तयार करून ठेवलेली दृश्यं) असं सगळं कॅशेच्या, म्हणजे पटकन हाताशी लागाव्यात अशा तात्पुरत्या फाइलींच्या, फोल्डरमध्ये साठवत असतं, आणि एका लग्नाच्या त्या हजारो फाइली होतात. त्यात अल्बमचे फोटो. प्रत्येक फाइलपाशी तपासणी थांबली की टाइमलाइनही थांबते. मी घड्याळ लावून बघितलं. तोच प्रोजेक्ट अँटिव्हायरस चालू असताना उघडायला पावणेचार मिनिटं लागली, बंद असताना सव्वा मिनिट. पण चाळीस मिनिटांची फिल्म एक्सपोर्ट करायला दोन्ही वेळा जवळजवळ तेवढाच वेळ लागला. म्हणजे दुखणं कॅशेत होतं. त्यासाठी घराचं दारच काढून ठेवायची गरज नव्हती.

मी दुसऱ्याच दिवशी अँटिव्हायरस परत चालू केला. त्याचं कारण एका ओळखीच्या एडिटरकडे घडलेलं आहे. त्याने एका इफेक्टच्या प्लगिनचा (सॉफ्टवेअरला जोडायच्या पुरवणीचा) क्रॅक, म्हणजे पैसे न देता वापरायची चोरटी प्रत, उतरवला. सोबतच्या सूचनेत पहिली ओळ होती, आधी अँटिव्हायरस बंद करा. त्याने केला. सकाळी मशीन उघडलं तर प्रत्येक फाइलच्या नावापुढे नवीनच अक्षरं, एकही उघडेना, आणि फोल्डराफोल्डरात डॉलर मागणारी चिठ्ठी. दोन लग्नं आणि एक मुंज गेली. बॅकअपची हार्डडिस्क त्याच मशीनला जोडलेली होती, तीही गेली. कॅमेऱ्याची कार्डं दुसऱ्या दिवशीच्या लग्नासाठी रिकामी करून झाली होती.

त्यातल्या एका लग्नात नवरीच्या आजोबांनी स्वतः मंगलाष्टका म्हटल्या होत्या. लग्नानंतर महिन्याभरात ते वारले. त्या घरी सांगायला तो एकटा जाईना, म्हणून मी सोबत गेले. नवरीच्या आईने एवढंच विचारलं, “नुसता आवाज तरी मिळेल काय?” आम्हाला नाही म्हणावं लागलं.

हे गाव सिनेमाचं आहे. बाबुराव पेंटरांनी इथे मूकपट काढले, १९२९ साली प्रभात कंपनी इथेच उभी राहिली. त्या मूकपटांपैकी बहुतेक आज कुणालाच बघता येत नाहीत. आपल्या हातातली दृश्यं किती सहज नाहीशी होतात हे कोल्हापूरला कुणी वेगळं सांगायला नको.

मी केलं ते साधं होतं. विंडोज सिक्युरिटीत व्हायरस अँड थ्रेट प्रोटेक्शन, त्यात मॅनेज सेटिंग्ज, खाली एक्स्क्लूजन्स, म्हणजे तपासणीतून वगळायची यादी. तिथे फक्त कॅशेचं फोल्डर दिलं. दुसरा अँटिव्हायरस वापरत असाल तर त्याच्यातही अशी सोय असते. आख्खा डी ड्राइव्ह वगळू नका, आणि गिऱ्हाइकाचा पेनड्राइव्ह किंवा कार्ड जिथे उतरवता ते फोल्डर तर मुळीच नको, रोग तिथूनच आत येतो. माझ्या मशीनवर पूर्ण तपासणी रात्री दोनला लागलेली होती, म्हणजे नेमकी रेंडर चालू असताना. ती सकाळी नऊवर आणली. मशीनसोबत चाचणीपुरता आलेला दुसरा अँटिव्हायरस काढून टाकला. रॅन्समवेअर, म्हणजे फाइली अडकवून पैसे मागणारा तसला व्हायरस, रोखायला विंडोजमध्ये कंट्रोल्ड फोल्डर अॅक्सेस आहे; परवानगी नसलेल्या प्रोग्रॅमला तो ठरावीक फोल्डरांतल्या फाइली बदलू देत नाही. तो चालू केल्यावर माझं एडिटिंगचं सॉफ्टवेअरच सेव्ह होईना, त्याला परवानगीच्या यादीत घातल्यावर सुरळीत झालं. अर्धा तास लागला सगळ्याला.

‘एडिटिंग पीसी’ म्हणून लाखाच्या वर किमतीची मशीनं विकणाऱ्या आपल्या शहरातल्या दुकानदारांना माझी विनंती आहे, की हा अर्धा तास मशीन देतानाच द्या. अँटिव्हायरस काढून मशीन पळवून दाखवू नका. आणि माझ्या सहकाऱ्यांनो, क्रॅक उतरवूच नका. दोन हार्डडिस्कवर प्रत ठेवा, त्यातली एक मशीनपासून सोडवून कपाटात. ती कपाटात गेल्याशिवाय कार्ड फॉरमॅट करू नका, मग दुसऱ्या दिवशीच्या मुहूर्ताला कार्ड उसनं आणावं लागलं तरी चालेल. माझ्याकडे चार जादा आहेत, कुणीही न्यावीत.

आपली,
एक व्हिडिओ एडिटर, राजारामपुरी, कोल्हापूर