हक्काची जागा

बॉयसी, फेब्रुवारी २०२६

प्रिय मकरंद,
सप्रेम नमस्कार.

गेल्या नोव्हेंबरात ईस्ट हार्टफर्डला अमेरिकन कॉलेज फुटबॉलमध्ये आपल्या यूकॉनने, म्हणजे कनेक्टिकट विद्यापीठाने, ड्यूक विद्यापीठाला ३७-३४ असे हरवले आणि महिनाभरात तोच ड्यूकचा संघ एसीसी या कॉन्फरन्सचा, म्हणजे विद्यापीठांच्या गटाचा, विजेता झाला, हे तुझ्या नजरेतून सुटले नसेलच. इथे कार्यालयात या गोष्टीचे कुणालाच काही वाटले नाही, म्हणून तुला लिहीत आहे. प्रकृती ठीक, साखर आटोक्यात. काकूंना तेवढे सांग.

ड्यूक विजेता झाला तोही कसा, ते पाहा. एसीसीत पाच संघ ६-२ असे (सहा विजय, दोन पराभव) बरोबरीत अडकले, प्रतिस्पर्ध्यांच्या कामगिरीचा हिशेब लावून ड्यूकला अंतिम सामन्यात घेतले आणि तिथे त्यांनी व्हर्जिनियाला जादा वेळेत २७-२० असे हरवले. पण हंगामात ८ विजय आणि ५ पराभव असल्यामुळे राष्ट्रीय विजेता ठरवणाऱ्या १२ संघांच्या प्लेऑफचे दार त्यांना बंदच राहिले. हक्काच्या जागा पाच. त्या निवड समितीच्या क्रमवारीत सर्वांत वर असलेल्या पाच कॉन्फरन्स-विजेत्यांच्या. ट्यूलेन आणि जेम्स मॅडिसन हे दोन लहान कॉन्फरन्सचे विजेते ड्यूकच्या वर होते, म्हणून ते गेले. पहिल्याच फेरीत एकाने ४१-१० आणि दुसऱ्याने ५१-३४ असा मार खाल्ला, आणि मोठ्यांच्या समर्थकांना बोलायला आयतेच निमित्त मिळाले.

आता येत्या हंगामापासून एसईसी, बिग टेन, बिग ट्वेल्व्ह आणि एसीसी या चार बड्या कॉन्फरन्सचे विजेते क्रमवारीत कुठेही असोत, थेट आत जाणार; बाकी सगळ्या कॉन्फरन्सना मिळून हक्काची जागा एकच. म्हणजे ड्यूकसारखा संघ पुढच्या वेळी सुखेनैव आत असेल. हे वाचल्यापासून मला २०१० आठवते आहे आणि तुझे ते मानाच्या गणपतींचे पालुपदही. मान मूर्तीच्या उंचीवर ठरत नाही, असे तू रेड्डीला यूकॉनच्या गावी, स्टॉर्सच्या त्या गोठलेल्या स्वयंपाकघरात ठणकावून सांगायचास, आणि बिचाऱ्याला मानाचा गणपती म्हणजे काय इथपासून सुरुवात करावी लागायची.

तेव्हा प्लेऑफच्या आधीच्या बीसीएस व्यवस्थेत ज्यांच्या विजेत्याला मोठ्या सामन्यात हक्काची जागा मिळे, अशा सहा मानकरी कॉन्फरन्समध्ये आपली बिग ईस्ट होती. आपण, पिट्सबर्ग आणि वेस्ट व्हर्जिनिया ५-२ असे बरोबरीत. दोघांनाही आपण हरवलेले, म्हणून मान आपला. टॅम्पाला १७ सेकंद उरले असताना आपल्या टेगार्टने ५२ यार्डांवरून चेंडू खांबांमधून मारून सामना जिंकून दिला, तेव्हा शेगडीवरचा भात करपून गेला होता आणि आपण तो तसाच खाल्ला. ८-४ असा आपला संघ फिएस्टा बाउल या मानाच्या सामन्याला गेला आणि ओक्लाहोमाकडून ४८-२० असा हरला. त्याच वर्षी बॉयसी स्टेट एकच सामना हरूनही लास व्हेगासच्या दुय्यम बाउलला रवाना झाली. आपल्या विद्यापीठाच्या गळ्यात १७,५०० तिकिटे मारलेली, बाहेर तीच स्वस्तात मिळत असलेली, आणि तू मात्र निष्ठा म्हणून विद्यापीठाकडूनच घ्यायला निघालेला! जायला विमानभाडे कुणाकडे होते, हा प्रश्न मी विचारला म्हणून चार दिवस अबोला धरलास.

तुझा मुद्दा तत्त्वतः मला आजही पटतो. मैदानावर जिंकलेल्या विजेतेपदाला समितीच्या मतापेक्षा जास्त किंमत असावी. २०२३ मध्ये १३-० अशा फ्लोरिडा स्टेटला तेव्हाच्या चार संघांच्या प्लेऑफमध्ये घेतले नाही, तेव्हा मीही संतापलो होतो. पण मग सगळ्याच विजेत्यांचा तो हक्क असायला हवा. बीसीएसच्या काळात निदान परीक्षा तरी होती: चार वर्षांच्या कामगिरीवर कॉन्फरन्सचा सर्वोच्च संघ कुठे, सर्व संघांची सरासरी काय आणि पहिल्या पंचविसांत किती, हे तपासून नव्या कॉन्फरन्सला मान मिळू शकत असे. माउंटन वेस्ट ही कॉन्फरन्स त्याच आशेवर होती. बॉयसी तिथे २०११ मध्ये पोहोचली, तेव्हाच युटा आणि बीवाययू हे संघ बाहेर पडले, पुढच्या वर्षी टीसीयूही गेले, आणि आशा संपली. नव्या करारात तर परीक्षाच नाही. चार नावे लिहून मोकळे झाले आहेत.

आणि आमची बॉयसी या जुलैत पॅक-१२ कॉन्फरन्समध्ये चालली आहे! बारांपैकी दहा जण निघून गेल्यावर ओरेगन स्टेट आणि वॉशिंग्टन स्टेटने सांभाळलेले ते नाव, पण नावामागचा मान केव्हाच गेलेला. निळ्या मैदानाच्या या गावात लोक नव्या बोधचिन्हाच्या टोप्या घालून हिंडत आहेत. त्यांना वाटते, आपण वर चढलो. २०२४ मध्ये विजेता म्हणून तिसरे मानांकन आणि थेट उपांत्यपूर्व फेरी मिळाली होती, तीच माणसे आता एका जागेसाठी ट्यूलेनच्या निकालांवर डोळे लावून बसणार. बिग ईस्टचे काय झाले ते पाहिलेल्या माणसाने यांना काय सांगावे, हे तूच सुचव. आपल्या कॉन्फरन्सचा मान २०१३ नंतर उरला नाही आणि यूकॉन आज कुठल्याच फुटबॉल कॉन्फरन्समध्ये नाही; तुझ्या मानाच्या गणपतींवर अशी वेळ कधी आली होती का?

नव्या घराचे फोटो पाहिले, गॅलरी छान आहे. ओवीने गणित घेतले हे उत्तम केले. वहिनींना नमस्कार.

तुझा,
श्रीधर

ता. क. ड्यूकला शेवटी एल पासोच्या सन बाउलला पाठवले. तिथे त्यांनी ॲरिझोना स्टेटला ४२-३९ असे हरवले.