बाबांचे पंचेचाळीस मार्क

ती. आई-बाबांस,
सा. न.

काल फोनवर आई एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणत होती, "रिपोर्टात हार्ट फेल्युअर लिहिलंय गं." तेव्हा मला धड समजावता आलं नाही, म्हणून लिहून पाठवतेय. अक्षर मुद्दाम मोठं काढलंय.

आई, फेल्युअर म्हणजे हृदय बंद पडणं नव्हे. हृदय चालू आहे, फक्त पंपाचा जोर कमी पडतोय. दिवाळीतल्या अटॅकमध्ये स्नायूचा एक भाग दुखावला, त्याचा हा परिणाम. जोर कमी पडला की अंगात पाणी साठतं. पाय सुजतात, आडवं झालं की धाप लागते. म्हणून ती लघवीची गोळी, आणि म्हणूनच मीठ कमी. (पापड आणि लोणचंसुद्धा मीठच, बाबा!)

आता ते ईएफ ४५ टक्के. बाबा म्हणाले, "काठावर पास." आयुष्यभर पेपर तपासलेत, दुसरं काय सुचणार! पण हा पेपर शंभराचा नाही. डावा कप्पा रक्ताने भरला की एका ठोक्यात त्यातलं किती बाहेर ढकलतो, तो हा आकडा. धडधाकट माणसाचाही साधारण ५५ ते ७० च असतो. म्हणजे ४५ कमी आहे, पण तुम्हाला वाटतंय तितकं नाही, आणि औषधांनी तो पुष्कळदा सुधारतो. खाली 'ट्रिव्हिअल एमआर' लिहिलंय, म्हणजे झडपेतून नावापुरती गळती. त्यावर झोप घालवू नका.

अँजिओग्राफी आणि अँजिओप्लास्टी यांत शेजारच्या काकूंनी गोंधळ घातलाय. पहिलीत हृदयाची रक्ताची नळी कुठे तुंबलीय ते बघतात, दुसरीत फुग्याने ती रुंद करतात आणि तिथे जाळीची बारीक नळी बसवतात. तीच स्टेंट. बाबा, तुम्हाला सनावळ्या आवडतात, तर १९७७ साली झुरिकमध्ये ग्रुएन्ट्झिग नावाच्या डॉक्टरने एका जागत्या रुग्णाची हृदयाची धमनी पहिल्यांदा फुग्याने उघडली. कित्येक वर्षांनी तपासलं तेव्हाही ती उघडीच होती.

मला खरी काळजी आहे ती 'रक्त पातळ करायच्या' गोळ्यांची. नावच चुकीचं पडलंय. अ‍ॅस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेलने रक्त पाण्यासारखं होत नाही. रक्तातल्या चिकट कणांना एकमेकांना धरू देत नाहीत, एवढंच. आई, परवा हिरडीतून रक्त आलं म्हणून तू एक दिवस गोळी दिली नाहीस ना? असं पुन्हा करू नकोस. नव्या स्टेंटमध्ये गुठळी झाली तर ती जिवावर बेतते. दात काढायचा असेल तरी आधी हृदयाच्या डॉक्टरांना विचारायचं, दातांच्या डॉक्टरांनी सांगितलं तरीसुद्धा.

या सगळ्या भारी शब्दांपेक्षा मला आपल्या घरातल्या एका साध्या शब्दाची भीती वाटते, 'गॅस'. दिवाळीत बाबांना घाम सुटला होता, डावा खांदा आणि जबडा दुखत होता, आणि आपण ओवा देत दोन तास घालवले. मीही त्यात होते. आता असं काही झालं तर ओवा नाही, १०८ ला फोन. रिक्षाची वाट बघत बसायचं नाही, बाबांनी स्कूटर तर मुळीच काढायची नाही. आणि अटॅक म्हणजे अरेस्ट नव्हे. अटॅकमध्ये नळी तुंबते, माणूस बहुतेक वेळा बोलत असतो. अरेस्टमध्ये हृदयाचं विजेचं तंत्र बिघडतं आणि माणूस एकदम कोसळतो. आई, तेव्हा छातीच्या मध्यभागी जोरात दाबत राहायचं. पुढच्या रविवारी येईन तेव्हा उशीवर करून दाखवते.

वजनकाटा पाठवलाय. रोज सकाळी, लघवीला जाऊन आल्यावर, चहाच्या आधी वजन करायचं आणि कॅलेंडरवर लिहायचं. दोन-तीन दिवसांत २ किलो वाढलं तर डॉक्टरांना फोन करायचा. ते पाणी असतं, आईच्या पुरणपोळ्या नव्हेत.

बाबा, आकडे खरे लिहा. मी कॅलेंडरचा फोटो मागणार आहे.

तुमची,
ताई