फेरीत सगळ्यांच्या मागे कोण असतं?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

कालच्या अंकातला 'साडेचार तासांत ब्रह्मगिरी फेरी' हा मथळा वाचला आणि राहवलं नाही. त्र्यंबकेश्वरच्या ब्रह्मगिरी डोंगराभोवतीची २० किलोमीटरची प्रदक्षिणा कोणी किती वेळात उरकली, याचं कौतुक कशासाठी?

गेल्या श्रावणात मी आणि माझ्या नणंदबाई अशाच एका ग्रुपबरोबर गेलो होतो. कुशावर्त कुंडावर हजेरी झाली, टी-शर्ट वाटले, प्रयागतीर्थापाशी फोटो काढले. पहिने गावापर्यंत सगळे बरोबर होते. गौतम ऋषींच्या देवळाच्या अलीकडे वन्संचा गुडघा आखडला. पुढच्या मुलांना हाका मारल्या, तर "मागून लीडर येतोय" म्हणून ती निघून गेली. मागून कोणी आलंच नाही, कारण मागे कोणाला ठेवलेलंच नव्हतं. पाऊस झोडपत होता, फोनला रेंज नव्हती. शेतावरून परतणाऱ्या एका बाईंनी वन्संना ओट्यावर बसवलं, कोरा चहा दिला. त्यांच्या मुलाने आम्हा दोघींना एकेक करून मोटारसायकलवरून डांबरी रस्त्याला आणून सोडलं. त्र्यंबकला पोहोचेपर्यंत आमची बस गेलेली! रात्री ग्रुपवर मेसेज, 'सर्व जण सुखरूप परतले'. विचारलं तर उत्तर आलं, वेग जमत नसेल त्यांनी येऊ नये. पैसे भरून घेताना हे का नाही सांगितलं?

याच प्रदक्षिणेत वाघ आडवा आला आणि निवृत्तिनाथांची आईवडील-भावंडांपासून ताटातूट झाली, असं आपण पिढ्यान्‌पिढ्या ऐकत आलो. त्यांना गुहेत गुरू गहिनीनाथ भेटले. प्रत्येकाच्या नशिबी गहिनीनाथ नसतात, आयोजकांनो! निवृत्तिनाथांच्या पालखीबरोबर त्र्यंबकहून पंढरपूरला कितीतरी म्हाताऱ्या पायी जातात. दिंडी त्यांना मागे टाकून पळत नाही, म्हणूनच त्या पोहोचतात.

आणखी एक. एवढ्या वाटेत बायकांसाठी एकही स्वच्छतागृह आम्हाला दिसलं नाही. पहाटेपासून पाणी न पिता चालणाऱ्या बायका मी पाहिल्या आहेत. हीच ग्रुपवाली मंडळी पांडवलेण्यात नेतात तेव्हा नहपान राजाचा जावई उषवदात याचा शिलालेख मोठ्या अभिमानाने समजावून सांगतात. गोवर्धनला वाटसरूंसाठी निवारे बांधले, विहिरी खोदल्या, नद्यांवर फुकट नावा ठेवल्या, असं त्यात सुमारे १९०० वर्षांपूर्वी कोरलेलं आहे. मग आजच्या वाटसरूंसाठी प्रशासनाकडे चार तात्पुरती स्वच्छतागृहं मागायला काय हरकत आहे? कुंभमेळ्यासाठी एवढी कामं निघाली आहेत, त्यात या वाटेचाही विचार व्हावा.

श्रावणातला तिसरा सोमवार, म्हणजे फेरीचा दिवस, तोंडावर आला आहे. सगळ्यांच्या मागे चालणारा जाणता माणूस कोण, त्याचा फोन नंबर काय आणि कोणी थकलं तर गाडी कुठे उभी असेल, हे प्रत्येक ग्रुपने निघण्याआधी सांगावं. आपल्या वार्ताहरांनीही पुढच्या वेळी किती तास लागले हे विचारण्याआधी निघाले किती आणि परतले किती, हे विचारावं.

आपली,
एक वाचक, इंदिरानगर, नाशिक